गाडीला आहेर

लातूर,
८ डिसेंबर २०२४

ती. सरजामावशीस,
लुंबिनीचा सविनय जयभीम. वि. वि.

तुझं पत्र परवा मिळालं. फोन करायचा नाही, पत्रच लिहायचं, ही तुझी अट मी पाळते आहे. तुमच्या घरातला एकुलता फोन काकांच्या खिशात असतो, ते तो स्पीकरवर लावतात आणि माझी ख्यालीखुशाली सगळी वस्ती ऐकते, हे तुझं म्हणणं अगदी खरं. शिवाय साक्षरता वर्गात कमावलेली अक्षरं वापरात राहिली पाहिजेत, हेही पटलं.

तुझ्या धम्मप्रियाबद्दल तू लिहिलंस ते वाचून मी आधी रडले आणि मग भांडी घासायला बसले. इतकी घासली की माझ्या खोलीतली मुग्धा विचारू लागली, या भांड्यांनी तुझं काय बिघडवलंय. ही अकरावी होईल तेवढी पुरे, येत्या चौदा एप्रिलच्या जयंतीपर्यंत गावात एसटी आली तर बारावी, नाहीतर इस्लापूरचं स्थळ, असं काका म्हणाले म्हणतेस. मावशी, काका कठोर नाहीत हे मला ठाऊक आहे. नायगावला बी. ए. करताना तीन वर्षं मी तुझ्याकडे राहिले, तेव्हा रोज सकाळी सायकल हातात धरून ते माझ्यासोबत फाट्यापर्यंत चालत यायचे. आपल्या दोन्ही घरांत मिळून पदवीचा कागद एकच आहे, माझा, आणि त्यात काकांच्या चपलांचा निम्मा वाटा आहे. आता ते नांदेडला वॉचमनच्या कामावर अंधार असतानाच निघतात, प्रियासोबत चालायला कुणी नाही, आणि मागच्या वर्षी त्या मोटारसायकलवाल्यांनी तिला वाटेत अडवलं होतं. त्यांची भीती खोटी नाही. पण मग उपाय पोरीला घरी बसवणं नाही, उपाय गाडी आणणं आहे.

म्हणून मी एक ठरवलंय. आमच्या गटाचं नाव गावपडदा. एक प्रोजेक्टर, एक स्पीकर आणि एक पांढरी चादर एवढाच आमचा संसार. गावोगावी जाऊन खऱ्या माणसांचे माहितीपट दाखवायचे आणि नंतर लोकांना बोलतं करायचं. चित्रपट संपतो तिथे आमचं काम सुरू होतं, असं मुग्धा म्हणते. देवणीकडच्या एका गावातल्या बायकांनी ग्रामसभेत ठराव करून गावात गाडी आणली, त्यावर तिने छोटासा माहितीपट केला आहे. तो मी जांभळवाडीत घेऊन येते. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेआधी.

काकांना जयभीम सांग, माझ्या रागासकट. माझ्यावर माया आहे तेवढी असू दे, अक्षर मात्र अजून थोडं मोठं काढ.
तुझी,
लुंबिनी


जांभळवाडी, ता. नायगाव,
१८ डिसेंबर २०२४

चि. लुंबिनी हिस,
सरजामावशीचे अ. उ. आ. व जयभीम.

पत्र भेटलं. माझं अक्षर मोठं काढ म्हणतीस, आन तुझं अक्षर डॉक्टरच्या चिठ्ठीवानी झालंय. बी. ए. झाल्यावर माणसाचं अक्षर बिघडतं का काय, तसं असंल तर प्रियाच्या बापाला सांगू नकोस, त्याला अजून एक कारण घावंल.

तू ये. चादर मी देते, लातूरहून खामखा ओझं आणू नकोस. पण माय, एक ध्यानात घे. आपल्या बुद्ध इहारापुढं पडदा लावला तर वरच्या आळीचं कुणी येणार न्हाई. वरच्या आळीत लावला तर आपल्याकडचं कुणी जाणार न्हाई. आन ग्रामसभेत हात वर व्हायला दोन्हीकडचे हात लागतेत.

गाडीचं मी मागल्या साली डेपोत जाऊन इचारलं व्हतं. साहेब म्हणाला, तुमच्या गावाला प्रवासी न्हाईत. त्यानं पाहणीला एक माणूस धाडला. तो आला भर सुगीत, दुपारी. समदं गाव वावरात. त्याला पारावर दोन म्हातारे आन एक शेळी दिसली, त्यानं प्रवासी दोन असं लिवून नेलं. शेळी धरली न्हाई ह्याचं त्या म्हाताऱ्यायला अजून वाईट वाटून राहिलंय. पंच्याहत्तरीच्या पुढच्याला एसटी फुकट, बायांला अर्धं तिकीट, पोरींला पास. सरकारनं समदं देलं, गाडी तेवढी द्यायची राहिली.

तुझ्या काकाला तुझा राग पोचवला. त्यानं तो भाकरीसंगं खाल्ला आन हात धुतला. प्रिया लई अभ्यास करून राहिली. पोरगी काही मागत न्हाई, त्याचंच मला भ्या वाटतं.

थंडीची शाल आण. जीव लावतीस तसाच लावत राहा, म्हातारीला तेवढंच ऊन.
तुझी मावशी,
सरजाबाई


लातूर,
१४ जानेवारी २०२५

ती. मावशीस,
सविनय जयभीम. वि. वि.

सुखरूप पोचले. शनिवारी संध्याकाळी काय झालं ते तुला नीट कळलंच नसेल. तू पूर्ण वेळ चुलीपुढे आमच्यासाठी भाकऱ्या थापत होतीस आणि सकाळी निघताना माझा चेहरा इतका पडला होता की तू काही विचारलं नाहीस. म्हणून लिहिते.

विहारापुढे आपली वस्ती जमली होती. आवाज नीट येतो का बघावं म्हणून प्रियाने चित्रपट मधूनच सुरू केला, आणि नेमका बैल आला. देवणीकडच्या त्या गावात पहिली गाडी येते, बायका नारळ घेऊन उभ्या आहेत, आणि रस्त्याच्या मधोमध एक देवणी बैल उभा. ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, बैल ढिम्म. तो वळून सरळ कॅमेऱ्यात बघतो. एवढंच. मिनिटभराचंसुद्धा दृश्य नाही. पण त्याच वेळी वरच्या आळीतले बसलिंगप्पा आपली जोडी घेऊन रस्त्याने घरी चालले होते. ते थांबले. विहाराच्या भिंतीबाहेरच उभे राहिले आणि त्यांनी आणखी कुणाकुणाला हाका मारल्या. चित्रपट संपेपर्यंत भिंतीवर वरच्या आळीची मुंडकी ओळीने मांडल्यासारखी दिसत होती.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू. वाटलं, झालं, भिंत पडली. मी पुढे जाऊन, आम्ही शिकलो आहोत तसा, सगळ्यांना प्रश्न विचारला की या चित्रपटातून तुम्हाला काय जाणवलं. मग भिंतीपलीकडून बसलिंगप्पांनी विचारलं की बैल परत दाखवता येईल का.

मावशी, तीन वेळा दाखवला. नंतर वाद सुरू झाला. अंग पांढरं आणि तोंड काळं म्हणजे वानेरा जातीचा, असं एक जण म्हणाला. बसलिंगप्पा म्हणाले की वानेरा असता तर कान असे नसते, यात भेसळ आहे. आपल्याकडचे आनंदराजदादा म्हणाले की भेसळ बैलात नसून बघणाऱ्याच्या डोळ्यांत आहे. गाडीबद्दल, ठरावाबद्दल, शिकणाऱ्या मुलींबद्दल एक अक्षर कुणी बोललं नाही. हे मी मुग्धाला सांगितलं तर ती हसत हसत खाटेवरून खाली आली. मी तिला स्पष्ट सांगितलंय की चित्रपटातून तो बैल कापायचा.

काका शेवटपर्यंत लांब उभे होते. निघताना त्यांनी माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला आणि म्हणाले की बैल चांगला होता.

वैतागलेल्या भाचीवरचा लोभ कमी होऊ देऊ नकोस.
तुझी,
लुंबिनी


जांभळवाडी,
१९ जानेवारी २०२५

चि. लुंबिनी हिस,
अ. उ. आ. व जयभीम.

बैल कापू नकोस. आधी हे लिवते, मंग बाकीचं.

मी ह्या घरात नांदायला आले तव्हापासून वरची आळी इहाराच्या भिंतीला कधी टेकली न्हाई. बुद्धासाठी न्हाई, बाबासाहेबासाठी न्हाई, आपल्या लेकरायच्या लगनासाठी न्हाई. बैलासाठी टेकली. टेकली ते महत्त्वाचं, का टेकली ते तू लातूरला बसून लिव.

काल बसलिंगप्पा आपल्या अंगणात आलता. तांब्याभर पाणी मागून पेला. मंग म्हणाला की बाया-माणसं राहिली बैल पाहायची, पुन्यांदा दाखवा, पण शाळेच्या मैदानावर दाखवा, म्हणजे कुणाला भिंतीवर चढावं लागणार न्हाई. मी म्हणलं पंचवीस तारखेला सांजच्याला, दुसऱ्या दिशी ग्रामसभा हाय. त्याला बैल पाहिजे, मला गाडी पाहिजे, दोघं एका चादरीपुढं बसू. माईक आन स्पीकर हरिओम साउंडवाला देणार हाय. लगनाच्या दोन तारखांच्या मधी तो रिकामा हाय.

तू ये. न्हाई आलीस तरी बैल धाड.
तुझ्यावर रागवायची सवड न्हाई, म्हणून आशीर्वादच घे.
सरजामावशी


लातूर,
२२ जानेवारी २०२५

ती. मावशीस,
सविनय जयभीम.

घाईत लिहिते. पंचवीसला मी देवणीला शब्द दिला आहे, येता येत नाही, आणि त्याचं मला फार वाईट वाटतंय. गटाचा बंद पडलेला जुना प्रोजेक्टर दुरुस्त करून घेतलाय, तो नांदेडच्या गाडीने पाठवते, फाट्यावर उतरवून घ्या. प्रियाला तो चालवता येतो. बैल जसाच्या तसा आहे. मुग्धा म्हणते की तो कापायची तिची कधीच इच्छा नव्हती.

एकच विनंती. चित्रपट संपल्यावर लगेच उठू देऊ नका. थोडी शांतता ठेवा, मग एकेकाला बोलायला सांगा, बायकांना आधी. कुणाला मध्येच तोडू नका. कुणी चुकीचं बोललं तरी चालेल, कारण चर्चेतूनच माणूस बांधला जातो. हे प्रियाने कागदावर उतरवून घ्यावं.

तुमच्या सगळ्यांच्या आठवणीत एक खुर्ची माझीही मांडा.
लुंबिनी


जांभळवाडी,
२८ जानेवारी २०२५

चि. लुंबिनी हिस,
मावशीचे अ. उ. आ. व जयभीम. हे पत्र बसून वाच, उभ्यानं वाचलंस तर पडशील.

मैदान भरलं. वरची आळी एका अंगाला, आपण एका अंगाला, मधी पोरं. प्रियानं मशीन असं चालवलं जसं काय हिचा बाप डेपोत साहेब हाय. बैल आला तशी समद्यायनं टाळी वाजवली. सिनेमा सरला. प्रियानं तुझा कागद काढला आन इचारलं की तुम्हाला काय जाणवलं. लुंबिनी, तुला राग येईल, पण असं इचारल्यावर माणसाला शाळेत उभं केल्यावानी वाटतं. बायांनी पदर तोंडात धरले. बाप्ये आभाळाकडं पाहायला लागले.

हरिओम माईक घेऊन बसला व्हता. महिनाभर त्यानं लगनातले आहेर पुकारलेत, त्याचं तोंड आता दुसरं काही बोलतच न्हाई. बसलिंगप्पा त्याच्या बाजूला व्हता. तो हळूच त्याला म्हणाला की गाडी आली तर आमच्या घरून बाजाराला दोघं तर नक्की जातेत. हरिओमचा हात सवयीनं माईकवर गेला आन त्यानं लगनाच्या आवाजात पुकारलं की बसलिंगप्पा स्वामी यांच्याकडून नायगावच्या गाडीला दोन प्रवासी. वरून सनईची रेकॉर्ड बी लावली. मंग त्याच्या ध्यानात आलं आन त्यानं जीभ चावली.

समदे हसले. पण बसलिंगप्पाची छाती फुगली, आन शेजारच्या भाऊबंदाला ते सहन झालं न्हाई. त्यानं उठून सांगितलं की आमच्याकडून तीन. मंग काय इचारतीस. बाया उठल्या. ज्या बाया जाणवलं का म्हणलं की खाली पाहत व्हत्या, त्या माईकजवळ धक्काबुक्की करून राहिल्या. दवाखान्याला एक, बँकेला एक, माहेराला एक पण सणासुदीला. म्हाताऱ्यायनं एकदम नावं देली, त्यायला फुकटच हाय. एकानं त्या शेळीचं बी नाव देलं, ते हरिओमनं घेतलं न्हाई.

मी बी नाव देलं. सरजाबाई गजभारे यांच्याकडून एक प्रवासी. माय, लगनात आहेर मी पसंत करते, मी बांधते, डोक्यावर मी नेते, आन माईकवर नाव तुझ्या काकाचं येतं. जल्मात पहिल्यांदा माझं नाव माझ्या कानानं ऐकलं. मला वाटलं दुसऱ्याच कुणाचं हाय.

पुकारलेला आहेर माघारी घेत न्हाईत. दुसऱ्या दिशी ज्याचं ज्याचं नाव आलतं तो तो ग्रामसभेला हजर. हात वर झाले, ठराव झाला, एकानं बी मोडता घातला न्हाई.

एकच गोष्ट. तुझा काका शाळेच्या ओट्यावर मागं बसला व्हता. हरिओमनं दोनदा त्याच्याकडं पाहिलं. तो उठला आन घरी गेला. घरी मला म्हणाला की आहेर पुकारणं सोपं, गाडी येणं येगळं. इस्लापूरवाल्यायनं पुन्यांदा निरोप धाडलाय.

तुझ्या चर्चेचा कागद प्रियानं जपून ठेवलाय. तुझी आठवण त्याच्यापेक्षा नीट ठेवलीय.
सरजामावशी


लातूर,
५ फेब्रुवारी २०२५

ती. सरजाबाई गजभारे यांस,
(माईकवरून ऐकतेस असं समज)
सविनय जयभीम. वि. वि.

तुझं पत्र मी गटात मोठ्याने वाचलं. सनईपाशी मुग्धा रडायला लागली, हसून. आम्ही वर्षभर माणसांना बोलतं कसं करायचं यावर बैठका घेतो आहोत, आणि तिकडे हरिओम चुकून ते करून बसला. मला थोडं लागलं, हे कबूल. पण एक रात्र झोपून उठल्यावर लागणं गेलं आणि नुसती मजा उरली. आपली माणसं मत विचारलं की गप्प होतात, आणि शब्द मागितला की चढाओढीने देतात. हे मला आपल्याच गावात राहून दिसलं नव्हतं.

प्रियाने सगळं मैत्रिणीच्या फोनवर चित्रित केलंय, तिने मला पाठवलं. हलतंय, मध्ये कुणाचं तरी डोकं येतंय, पण मावशी, तो खरा चित्रपट आहे. ठरावासोबत तो डेपोत दाखवा. प्रवासी नाहीत म्हणणाऱ्याला प्रवासी दाखवा.

मला आता दोनच काळज्या आहेत. गाडी आली तर लोक खरोखर बसतील का, आणि काका गप्प का आहेत. गप्प माणसाचं मला कळत नाही. त्यांच्यासाठी वेगळं पत्र लिहायला घेतलं आणि चार वेळा फाडलं.

माझ्या वाटची काळजी तू करू नकोस, लोभ तेवढा कर.
तुझी,
लुंबिनी


जांभळवाडी,
१६ मार्च २०२५

चि. लुंबिनी हिस,
अ. उ. आ. व जयभीम.

पत्राला उशीर झाला. मी गाडीत असते.

डेपोत आम्ही दोन जीपा भरून गेलो. साहेबाच्या खोलीत मावलो न्हाई, म्हणून प्रियानं तिनं काढलेला सिनेमा थांब्याच्या शेडात, अंधाऱ्या भिंतीवर लावला. तिथं बसलेले परगावचे प्रवासी बी पाहायला लागले, त्यायच्या गाड्या हॉर्न वाजवू लागल्या, कुणी उठंना. साहेब बाहेर आला, त्यानं समदं पाहिलं, सनई ऐकली, आन म्हणाला की महिनाभर सोडून पाहू, प्रवासी भरले तर पुढं चालू.

एक मार्चपासून गाडी येऊन राहिली. सकाळी एक, सांजच्याला एक. आता तुझ्या काळजीचं ऐक. ज्याचं नाव पुकारलंय तो रोज गाडीत असतो. काम असो नसो. म्हातारे नायगावला उतरतेत, च्या पितेत, आन सांजच्या गाडीनं माघारी. काय केलं म्हणलं की म्हणतेत आहेर फेडला. बसलिंगप्पाचा ल्योक तापानं पडला त्या दिशी दोनाचा एक व्हायला लागला, तर त्यानं पाहुणी आलेली बहीण गाडीत बसवली. तिला नायगावला काही काम न्हाई, ती रडत गेली आन साडी घेऊन आली. कंडक्टर म्हणतो की तिकिटं फाडून माझा अंगठा सुजला.

तुझा काका अजून फाट्यालाच चालत जातो. गाडी सकाळची, त्याचं काम त्याच्या आधीचं, खरं हाय. पण काल सांजच्याला गाडी आली तव्हा तो पाराआड उभा राहून कोण कोण उतरतं ते पाहत व्हता. प्रिया उतरली. तो तिच्या आधी घरी आला आन झोपल्यासारखं केलं.

निम्मा महिना सरलाय. रोज सांजच्याला कंडक्टरला तिकिटं किती फाटली ते इचारते. तुझ्या मायेचा टेकू असू दे.
सरजामावशी


जांभळवाडी,
६ एप्रिल २०२५

प्रिय लुंबिनीताईस,
धम्मप्रियाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

आई लिहायला बसली होती पण दर ओळीला उठून शेजारणींना सांगायला जाते, म्हणून या वेळी मी लिहिते.

गाडी कायम झाली. काल डेपोचं पत्र आलं आणि संध्याकाळी पाराजवळ ड्रायव्हर आणि कंडक्टर यांचा सत्कार ठेवला. वरच्या आळीने हार आणले, आपल्याकडून नारळ. हरिओमदादाने माईक लावला. बसलिंगप्पांनी त्यांचा बैल सजवून आणला आणि गाडीपुढे उभा केला, फोटोसाठी. मग तो हलेना. कंडक्टर म्हणाला की हे आम्ही कुठेतरी पाहिलंय.

तेवढ्यात बाबा आले. नांदेडहून थेट, वॉचमनच्या निळ्या कपड्यांत, फाट्यावरून चालत. सरळ हरिओमदादाजवळ गेले आणि त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. त्याने बाबांकडे बघितलं, मग आईकडे बघितलं, आणि माईक दोन्ही हातांनी धरला. त्याने पुकारलं की सरजाबाई व साहेबराव गजभारे यांच्याकडून नायगावच्या गाडीला एक प्रवासी, कुमारी धम्मप्रिया, पदवी मिळेपर्यंत.

ताई, बाबांनीच तसं सांगितलं होतं. आईचं नाव आधी, आणि बारावी नाही, पदवी.

आईने पदर कानामागे घेतला आणि म्हणाली की नीट ऐकू आलं नाही. हरिओमदादाने परत पुकारलं. ती म्हणाली की सनई राहिली. मग सनईसकट तिसऱ्यांदा पुकारलं, बैल दाखवला होता तसं. बाबा पाराला टेकून उभे होते. घरी येताना ते एवढंच म्हणाले की इस्लापूरला कळवून टाका, आमच्याकडचा आहेर पुकारून झालाय.

आता एक तक्रार, ती तुमच्या गटात मोठ्याने वाचली तरी चालेल. ज्या गाडीसाठी एवढं सगळं झालं त्या गाडीत मला बसायला जागा मिळत नाही. सगळे म्हातारे आधी चढतात. उठा म्हटलं तर सांगतात की महिना संपला म्हणून काय झालं, आहेर संपलेला नाही. मी दांडीला धरून उभी राहते, पुस्तक दुसऱ्या हातात. सवय होईल. पदवीपर्यंतचं अंतर आहे, उभ्याने कापता येईल.

तुझ्या लोभात मात्र माझ्यासाठी एक जागा रुमाल टाकून धरून ठेव.
तुझी,
प्रिया